मोठी जुनी मोटरबोट घ्यायची आहे: गोसीखुर्दच्या पाण्यात कोणती चालेल?

पवनीचा_फुगवटा

रामराम मंडळी. आमचं गाव पवनी तालुक्यात, वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाच्या फुगवट्याला लागून. घरी 16 फुटी फायबरची नाव आहे, मागे 9.9 हॉर्सपॉवरचं पेट्रोल मशीन. तिच्यावर आम्ही तीन घाटांवरून मच्छीमार संस्थेच्या लोकांची मासळी गोळा करतो, बर्फाच्या पेट्या पोचवतो आणि अडीनडीला माणसंही पलीकडे सोडतो.

मोठी का घ्यायची ते सांगतो. मागच्या ज्येष्ठात दुपारी चारला परत येत होतो. नावेत सहा माणसं आणि रोहू-कतल्याच्या चार पेट्या. पाण्यावर सुरकुती नव्हती. आंभोऱ्याकडून काळं आभाळ उठलं आणि थोड्याच वेळात लाटा काठावरून आत पडू लागल्या. भाचा डब्यानं पाणी उपसत राहिला. दोन पेट्या मी पाण्यात लोटल्या, तेव्हा कुठे नाव वर आली. आपल्या भागातल्या मामा (माजी मालगुजारी) तलावांत जी नाव आरामात चालते, ती या धरणात अपुरी पडते, कारण इथं वाऱ्याला लांबच लांब मोकळं पाणी सापडतं.

मशीनसकट साडेतीन लाखांची तयारी आहे. तेवढ्यात नवी बसत नाही, म्हणून दोन जुन्या पाहतोय. पहिली रायगडच्या खाडीतली 28 फुटी मासेमारीची, आत बसवलेलं डिझेल इंजिन, सव्वातीन लाख. दुसरी पुण्याकडच्या एका धरणावर पर्यटकांना फिरवायची 23 फुटी, मागे 40 हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक, दोन लाख नव्वद हजार. माझा कल 28 फुटीकडे आहे. डिझेल कमी पितं आणि नाव दणकट दिसते. जाणकारांनी मोकळेपणानं सांगावं.

जुना_डोंगा

भाऊ, मी लहानपणापासून वैनगंगेत डोंगा चालवला. धरण झालं त्याच्या आधीचा नदीचा घाट न् घाट मले ठाऊक हाये. तुले एकच सांगतो, वरून पाणी दिसते, खालचं दिसत नाही. खाली बुडालेल्या गावांचे आंबे, मोह, बाभळी उभ्याच हायेत. माघापर्यंत त्यांच्यावरून नाव जाते. वैशाखात पाणी उतरलं की तेच खुंट हातभर खाली येऊन बसतात.

आता आत इंजिन असलेल्या नावेचा दांडा अन् पंखा खाली पक्का बांधलेला राहते. खुंटाले लागला की दांडाच वाकते. मागचं मशीन ठोकर बसली का वर उचलते. आमच्या घाटावर एकानं डिझेलवाली आणली होती. पहिल्याच उन्हाळ्यात दांडा वाकला, नाव दोन महिने काठावर पडून होती. 28 फुटी नको घेऊ.

खाडीकिनारा

मी कोकणातला, मशीनचं काम करतो. वरच्या काकांशी सहमत आहे आणि त्यात थोडी भर घालतो. आमच्या खाडीतल्या त्या नावा भरती-ओहोटीच्या हिशेबानं बांधलेल्या असतात. भरलेली 28 फुटी अडीच-तीन फूट पाणी मागते. गोड्या पाण्यात ती आणखी जराशी खाली बसेल, कारण समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा साधारण अडीच टक्क्यांनी जड असतं. फरक लहान आहे, पण कोकणात जिथपर्यंत भरायचे तिथपर्यंत तिथं भरू नका.

डिझेल कमी पितं हे खरं. 40 हॉर्सपॉवरचं पेट्रोल मशीन पूर्ण दाबलं तर ताशी 15 लिटरच्या आसपास जातं, जुनं टू-स्ट्रोक त्याहून जास्त. तेवढ्याच ताकदीचं डिझेल आठ-नऊ लिटरवर भागवतं. पण तुम्ही दिवसाला किती तास पूर्ण दाबून चालवणार? घाटाघाटावर थांबत मासळी उचलणाऱ्याला अर्ध्या दाबावरच काम असतं. डिझेलमध्ये वाचलेले पैसे एका वाकलेल्या दांड्यात जातात, वर दांडा जिथून बाहेर पडतो त्या ग्लँडमधून पाणी आत येतं ते निराळंच.

खाऱ्या पाण्यातलं मशीन घेताना आणखी एक. बाहेरून रंग मारलेला असतो, आत थंड पाण्याच्या वाटा मिठानं आणि गंजानं बुजलेल्या असतात. खाडीत भागून जातं. तुमच्याकडे मे महिन्यात वरचं पाणीच कोमट असतं, तेव्हा तेच मशीन तापून बसेल.

कुही_काठ

आमच्या बाजूला जलकुंभीचा त्रास खूप आहे. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये आणि तिथून वैनगंगेत येतं, त्या खतावर हा हिरवा गालिचा फोफावतो. मशीन पाणी ओढतं त्या जाळीवर मुळं बसली की मागची पाण्याची धार बंद पडते. धार थांबली की तिथल्या तिथं मशीन बंद करायचं आणि वर उचलून हातानं साफ करायचं. मागच्या मशीनला हे दोन मिनिटांचं काम आहे. आत बसवलेल्या इंजिनाची जाळी नावेच्या पोटाखाली, म्हणजे जलकुंभीत बुडी मारा.

पवनीचा_फुगवटा

सगळ्यांचे आभार. 28 फुटीचा विषय सोडला. जुना_डोंगा काका, खुंटांचं मला माहीत होतं, पण दांड्याचा विचार केला नव्हता.

आता 23 फुटीचं. पुढच्या आठवड्यात पाहायला जातो. मालक म्हणतो नाव उत्तम, मशीन ड्रममध्ये चालवून दाखवतो. काय काय पाहू?

खाडीकिनारा

ड्रममध्ये चालवलेलं मशीन पाहून पैसे देऊ नका. ड्रममध्ये त्याच्यावर भार नसतो, सगळी मशीनं तिथं गातात. नाव पाण्यात उतरवा, चार-पाच माणसं बसवा आणि अर्धा तास चालवा. शक्य झालं तर फेऱ्यांचा मीटर लावा. भार घेऊन पूर्ण दाबल्यावर मशीन कंपनीनं सांगितलेल्या फेऱ्यांपर्यंत जात नसेल तर एक तर ते थकलं आहे किंवा पंखा चुकीच्या पिचचा (पात्यांच्या तिरकेपणाचा) आहे.

जाताना सिलिंडरमधला दाब मोजणारं कॉम्प्रेशन गेज घेऊन जा, किंवा गेज असलेला मोटरसायकलचा मिस्त्री सोबत न्या. सगळे प्लग काढून एकेक सिलिंडर मोजा. आकडा किती यापेक्षा सिलिंडरांमध्ये फरक किती ते महत्त्वाचं. दहा टक्क्यांच्या आत असेल तर ठीक. एखादं फार खाली असेल तर रिंगा किंवा पिस्टन गेलं असं धरा. गाडी थंड असताना पोचा. मालकानं आधीच गरम करून ठेवली असेल तर थंड होईपर्यंत थांबा, कारण सकाळी पहिल्या दोरीला ती कशी उठते हे तुम्हाला पाहायचं आहे.

खालच्या गिअरचा स्क्रू सैल करून थोडं तेल बोटावर घ्या. दुधासारखं पांढरट निघालं तर सील गेलं आणि आत पाणी शिरलंय. तेलात बारीक चकाकणारा चुरा असेल तर हात आवरा. मशीनचा नंबर खरवडलेला असेल तर तिथून सरळ निघा, मागची मशीनं चोरीला फार जातात.

आणि सगळ्यात जास्त वेळ मागच्या फळीवर घालवा, जिच्यावर मशीन टांगतात ती. फायबरच्या आत तिथं बहुतेक वेळा प्लायवूड असतं. बोल्टांच्या भोकांतून पाणी झिरपतं आणि प्लाय आतून कुजतो, बाहेरून चकचकीत दिसतो. छोट्या हातोडीच्या दांड्यानं इंचाइंचावर वाजवा. घट्ट जागा टणटण बोलते, कुजलेली भदभद. मग मशीनला वर-खाली हेलकावे द्या आणि दुसऱ्याला फळीकडे बघत बसवा. फळी श्वास घेतल्यासारखी हलली तर तिच्यावर 40 हॉर्सपॉवर टांगू नका.

धानपट्टा

माझा राइस मिलचा धंदा, बोटीतलं फारसं कळत नाही. पण मिलसमोरच्या धर्मकाट्यावर (ट्रक तोलायच्या काट्यावर) एकदा एका ओळखीच्यानं नाव आणली होती, म्हणून लिहितो. फायबरच्या नावेच्या दुहेरी तळात फोम भरलेला असतो, नावेत पाणी शिरलं तरी ती तरंगती राहावी म्हणून. वर्षानुवर्षं झिरपत राहिलं तर तोच फोम पाणी पितो आणि पाणी प्यालेला फोम तारत नाही, उलट ओझं होतो. डोळ्यानं हे दिसत नाही. आधी रिकामी ट्रॉली काट्यावर, मग नावेसकट ट्रॉली. वजा करा. नावेवरच्या पाटीवर रिकामं वजन लिहिलेलं असतं, त्याच्याशी ताडून पाहा. त्याच्या नावेत दीड क्विंटलहून जास्त पाणी निघालं. धान ओलं की सुकं हे आम्ही वजनावरूनच ओळखतो, नावेचंही तसंच.

खाडीकिनारा

हे फार मोलाचं सांगितलंत. आम्ही इथं कोपऱ्यात भोक पाडून फोम काढून पाहतो, पण मालक भोक पाडू देत नाही. काट्याला कोण नाही म्हणणार.

धरणावरची नाव आहे म्हणून गाफील राहू नका. मीठ नाही ही गोष्ट चांगली, पण फायबरमध्ये पाणी मुरून बुडाला फोड येतात ते गोड्या पाण्यात उलट जास्त येतात. नाव वर घ्यायला लावा, बुडाखाली आडवे व्हा आणि बॅटरीचा उजेड तिरपा धरा. फोड त्यात लगेच उठून दिसतात. दोन-चार असतील तर घासून भरता येतात. सगळं बूड मुरमासारखं दिसत असेल तर भाव निम्म्यावर आणा किंवा सोडा.

वैनगंगेची_लेक

मी चामोर्शीकडची. जानेवारी 2024 मध्ये गणपूरजवळ वैनगंगेत नाव उलटली आणि मिरची तोडायला पलीकडे निघालेल्या बाया बुडाल्या. रोजच्या मजुरीसाठी निघालेल्या बाया होत्या त्या. त्या आठवड्यात आमच्या भागात चुली पेटवायला मन होत नव्हतं. त्यामुळे तुम्ही 'अडीनडीला माणसंही सोडतो' असं लिहिलंत तिथंच माझी नजर अडकली, दादा.

मोठी नाव घेतली की लोक जास्त बसतात. सहाची नाव दहाची झाली की पंधरा जण चढतात आणि नाही म्हणायला जड जातं, कारण सगळे ओळखीचे असतात. कृपा करून आत्ताच ठरवा की तुमच्या नावेत किती माणसं आणि तितकी जॅकेटं नावेतच राहतील, घरी खुंटीला नाही. बायकांसाठी साडीवरून बांधता येतील अशी घ्या. लहान मुलांची वेगळी मिळतात. मोठ्यांच्या जॅकेटातून मूल खाली सटकतं.

पवनीचा_फुगवटा

ताई, तुमचं बोलणं लागलं आणि पटलं. आमच्या नावेत चार जॅकेटं आहेत, तीही शेडमध्ये. दहा माणसांचा आकडा कसा काढायचा ते कोणी सांगेल का?

नियमपान

छोट्या नावांसाठी एक ढोबळ हिशेब वापरतात: लांबी गुणिले रुंदी फुटांत, भागिले 15. तुमची 16 फुटी साडेपाच फूट रुंद असेल तर 88 भागिले 15, म्हणजे पाच, ताणून सहा. त्या दिवशी तुमच्याकडे सहा माणसं होती आणि वर चार पेट्या. पाणी आत का आलं हे इथंच कळतं. हा हिशेब 20 फुटांच्या आतल्या नावांचा. 23 फुटीसाठी त्यावर विसंबू नका, सर्व्हे (नावेची तपासणी) करणारा लिहून देईल तोच आकडा धरा आणि पेट्यांचं वजन माणसांत मोजा.

आता कागदांचं. 1917 चा जुना कायदा जाऊन अंतर्देशीय जलयान अधिनियम 2021 आला आणि तो जून 2022 पासून लागू झाला. इंजिनावर चालणाऱ्या नावेला नोंदणी, सर्व्हे, चालवणाऱ्याचं प्रमाणपत्र आणि विमा लागतो. आपल्या राज्यात हे काम महाराष्ट्र सागरी मंडळाकडे आहे. त्याशिवाय जलाशय जलसंपदा विभागाचा, त्यांची परवानगी वेगळी. पुण्याची नाव पर्यटनाची होती म्हणजे तिचे कागद असायलाच हवेत. मूळ नोंदणी, शेवटचा सर्व्हे, मशीनचं बिल आणि कर्ज असेल तर फेडल्याचा बँकेचा दाखला मागा. मालक म्हणाला कागद नंतर पाठवतो, तर पैसेही नंतरच द्या.

तळेगाव_संस्था

मी एका मच्छीमार संस्थेचं काम पाहतो. जुनी घेण्याआधी जिल्हा मत्स्यव्यवसाय कार्यालयात एक चक्कर मारा. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत साधारण गटाला 40 टक्के आणि अनुसूचित जाती, जमाती व महिलांना 60 टक्के अर्थसाहाय्याचं प्रमाण आहे. नावेसाठी तुमच्या जिल्ह्यात यंदा काही आहे का ते विचारा. पूर्वमंजुरीआधी खरेदी केलेल्या वस्तूला नंतर अनुदान मिळेल या भरवशावर मात्र राहू नका. आमच्या संस्थेचे असे पैसे एकदा अडकले होते.

पवनीचा_फुगवटा

विचारून आलो. आम्हाला हवं तसं सध्या काही नाही, आणि पावसाळ्याआधी नाव पाहिजे. म्हणून पुण्याला जाऊन आलो. सविस्तर लिहितो.

सकाळी सातला पोचलो, मशीन थंड होतं. तीन सिलिंडर आहेत. भाच्यानं गेज लावलं: 118, 114 आणि तिसरं 86. मालकाचा चेहरा उतरला. त्याला खरंच माहीत नसावं, नावा चालवणारे पोरगे वेगळे होते. गिअरचं तेल पांढरट. मागची फळी मात्र टणटण बोलली, कुठेच भदभद नाही. मशीन हलवून पाहिलं, फळी हलली नाही. बुडाला फोड एका बाजूला वीसेक, नखाएवढे.

मग गावातल्या धर्मकाट्यावर नेली, मशीन उतरवून. पाटीवर 640 किलो आहे. काटा 810 दाखवत होता. काट्यावरच्या माणसानं दोनदा करून दिलं.

कागद स्वच्छ आहेत, कर्ज नाही. मालक आता मशीनसकट दोन लाख दहा म्हणतो. मन द्विधा आहे. फळी चांगली आहे, नावेचा आकार फार आवडला, पुढची नाळ उंच आहे, लाट कापेल. पण 170 किलो पाणी पोटात.

जुना_डोंगा

फळी चांगली अन् आकार चांगला तं नाव चांगली. पाणी काहाडता येते. मशीन त्यालेच राहू दे, फकत नाव माग.

खाडीकिनारा

काकांनी अचूक सांगितलं. ते मशीन घेऊ नका. पिस्टन, रिंगा, सील, मजुरी असा खर्च केला तरी बाकीचे दोन सिलिंडर तेवढेच जुने राहतात.

फोमचं काम कष्टाचं आहे, अवघड नाही. वरचा तळ चौकोनात कापा, ओला फोम खरवडून काढा, आत पूर्ण सुकू द्या. इथं तुमच्या विदर्भाचं ऊन कामाला येईल. आमच्याकडे दमट हवेत नाव सुकायला महिने जातात, तुमच्याकडे एप्रिल-मेमध्ये ते काम फार लवकर होतं. पुन्हा भरताना बंद पेशींचा फोम घ्या, जो पाणी पीत नाही. थर्माकोल पेट्रोल सांडलं की विरघळतो, तो भरू नका.

फायबर जोडायच्या रेझिनचं काम पहाटे करा. 44 डिग्रीत हार्डनर नेहमीइतकं टाकलं तर डब्यातच धूर निघून दगड होतो. एक टक्क्याच्या आसपास ठेवा आणि एका वेळी थोडंच कालवा.

पवनीचा_फुगवटा

फक्त नाव एक लाख वीस हजारांत ठरली. रुंदी 8 फूट, म्हणजे 2.6 मीटरच्या मर्यादेत, त्यामुळे साध्या ट्रकवर आली, वेगळी परवानगी लागली नाही. समृद्धीनं रात्रीतून नागपूर, तिथून उमरेड-भिवापूर करत गावात. वाहतुकीचा आकडा मनात होता त्याहून मोठा निघाला, तो धरूनच भाव करावा असं पुढच्याला सांगेन.

तळ कापला तेव्हा फोम पिळला तर पाणी धारेनं पडत होतं. अठरा दिवस उघडी ठेवली उन्हात. काल पुन्हा धानाच्या काट्यावर नेली: जुना फोम काढून 615. आई काट्याजवळ उभी होती. आकडा वाचला तेव्हा तिनं नावेवर हात ठेवला.

मशीनसाठी नागपूरला एक वापरलेलं फोर-स्ट्रोक पाहिलंय, 40 चं, कॉम्प्रेशन सगळ्या सिलिंडरांत सारखं. पण एक शंका. त्याच्या दांड्याची लांबी 15 इंच आहे आणि आमच्या फळीची उंची 20 निघाली.

खाडीकिनारा

मग ते नाही चालणार. 20 इंची फळीला लांब दांड्याचंच मशीन लागतं. आखूड बसवलं तर पंखा वर राहून हवा पकडेल आणि लाटेत धार सुटेल. फळी कापून खाली करायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, त्याच उंचीनं मागची लाट बाहेर राहते. थांबा, लांब दांड्याचं मिळेल.

मिळालं की त्याच्यावरचे, स्वतः झिजून मशीन वाचवणारे अ‍ॅनोड आधी बदला. कोकणातून आलेलं असेल तर जस्ताचे असतील, ते खाऱ्या पाण्यासाठी. गोड्या पाण्यात मॅग्नेशियमचे किंवा अ‍ॅल्युमिनियमचे लागतात, नाहीतर मशीनचीच धातू झिजते.

वैनगंगेची_लेक

दादा, जॅकेटांचं काय झालं?

पवनीचा_फुगवटा

बारा आणली ताई. आठ मोठ्यांची, चार मुलांची. बसायच्या फळीखाली कप्पा केलाय, त्याला कुलूप नाही. सर्व्हेचा अर्ज दिला आहे. तो होईपर्यंत नावेत माणसं घेणार नाही, फक्त जाळी आणि पेट्या, हे घाटावर सगळ्यांना सांगून ठेवलंय. पाटील काका जरा नाराज झाले, पण ऐकलं.

लांब दांड्याचं मशीन कोणाच्या पाहण्यात असेल तर इथंच लिहा. मृग लागायच्या आत बसवायचं आहे.